पान दोनशे चौदा

आमची पहिली भेट जिन्यात झाली, आणि तिच्यात प्रेमकथेला शोभेल असं काहीच नव्हतं. माझ्या हातात हनुवटीपर्यंत रजिस्टरं होती. खालून एक उंच माणूस आला, म्हणाला, "थांबा, वरची दोन मी घेतो." ती उचलताना त्याने हातातला लिफाफा माझ्या ढिगावर ठेवला. तेवढ्यात वरून साहेबांची हाक आली आणि मी तरातरा चढून गेले. तो माझी दोन रजिस्टरं घेऊन जिन्यात उभा, आणि मी त्याचा लिफाफा घेऊन तिसऱ्या मजल्यावर!

पाच मिनिटांनी तो दारात आला. धाप लागलेली, केस पावसाने कपाळाला चिकटलेले.

"मॅडम, अदलाबदल करायची का?"

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. सैनिकांच्या सेवानोंदी जिथे ठेवतात त्या कार्यालयात, नक्कल विभागात माझं टेबल होतं. तळघरातली जुनी रजिस्टरं ओलीने कुजत चालली होती, ती उतरवून नव्या कार्डांवर घ्यायची, हे आमचं काम. ज्याने नक्कल केली त्याने कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात आपल्या नावाची दोन अक्षरं घालायची, असा नियम होता.

तो बस आगारात वेळापत्रकं आखायचा. दर मंगळवारी बरोबर अकरा वाजून पाच मिनिटांनी आमच्या दारात उभा राहायचा. त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी त्याचं नावच 'वेळापत्रक' ठेवलं.

पहिल्या दिवशी त्याने लिफाफ्यातून त्याच्या वडिलांच्या कार्डाची प्रत काढली.

"बाबांची दोन पदकं यात नाहीत. एक गोळीबारात पूल दुरुस्त केल्याचं, एक जखमी झाल्याचं."

"पदकं घरी आहेत?"

"घर बदलताना ट्रंक गेली. बाबांनी तेव्हा मनावर घेतलं नाही. आता माजी सैनिकांच्या सभागृहात पदकवाल्यांची नावं भिंतीवर रंगवतायत. बाबांचं नाव नाही. त्यांनी विचारलं तर एक जण हसून म्हणाला, म्हातारपणी माणसाला काय वाट्टेल ते आठवतं… तेव्हापासून ते तिकडे फिरकलेले नाहीत."

"दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. मंडळापुढे जावं लागेल, साक्षीदार लागतील. वर्ष-दीड वर्ष तरी धरा."

"तेवढं नाही आमच्याकडे." त्याने रिकामा लिफाफा उघडला, पुन्हा मिटला. "त्यांना काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, फार तर चार-पाच महिने दिसेल. आणि त्यांना कागद स्वतः वाचायचाय. मी वाचून दाखवलेला चालत नाही. म्हणतात, तू पडलास पोटचा पोरगा, तू चांगलंच वाचशील."

मी कार्ड पुढे ओढलं. खालच्या कोपऱ्यात दोन अक्षरं होती. शेवटच्या अक्षराला छोटं वळण. माझंच.

"हा कोण महाभाग आहे हो?" त्याने त्याच कोपऱ्यावर बोट ठेवलं. "भेटला तर विचारीन, नक्कल करताना डोळे उघडे होते का म्हणून. अक्षर मात्र सुरेख आहे."

"खूप जण होऊन गेले इथे," मी म्हटलं.

ताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

अर्ज मी लिहून दिला. साक्षीदार शोधण्याचं काम त्याचं. दर मंगळवारी तो हकिगत सांगायला यायचा, आणि हकिगत पाच मिनिटांची असली तरी अर्धा तास पुरायची. खालच्या टपरीवर चहा, मग व्हरांड्यातल्या बाकावर बसणं. पाऊस असला की बाकाचं एक टोक भिजायचं. तो त्या टोकाला बसायचा.

"इकडे सरका की, भिजताय."

"सरकलो तर तुम्ही उठून जाल."

"कशावरून?"

"गेल्या मंगळवारी गेलात."

"तेव्हा साहेबांनी बोलावलं होतं!"

"साहेब रजेवर होते. ताईंनी सांगितलं."

मी चहाच्या कपात पाहत राहिले. तो हळूच वीतभर सरकला. मी उठले नाही. त्या दिवशी एवढंच झालं. पण टेबलावर परतल्यावर मी एका निवृत्त आचाऱ्याच्या कार्डावर घोडदळ लिहून ठेवलं आणि ते खोडून पुन्हा करावं लागलं.

"काय गं," ताई म्हणाल्या, "वेळापत्रक कोलमडलं वाटतं?"

साक्षीदार दोन होते. एक आदल्या वर्षी वारला होता. दुसऱ्याकडे तो तीन बस बदलून गेला. त्या गृहस्थांनी त्याला प्रेमाने जेवू घातलं आणि आपला धाकटा भाऊ समजून निरोप दिला. हे सांगताना तो हसला, मग हसता हसता थांबला.

हे सगळं चाललं होतं तेव्हा मी एक गोष्ट करत नव्हते. तळघरात जाऊन मूळ रजिस्टर पाहत नव्हते. ते पाहणं माझ्या हातात होतं, एका दुपारचं काम. चूक नक्कल करणाऱ्याची असेल आणि त्याने ती लेखी कबूल केली, तर मंडळाकडे जावंच लागत नाही. साहेबांच्या सहीने आठ दिवसांत दुरुस्ती होते. मला हा नियम पाठ होता.

आणि मला ते रजिस्टर आठवत होतं. माझी स्मरणशक्ती तेव्हाही अशीच होती, नको तितकी चांगली. फाटकी पानं कुणीतरी खळ लावून चिकटवलेली. पान दोनशे तेरा झाल्यावर उलटलं, तर पुढे दोनशे सोळा. दिसलं होतं मला. मनात म्हटलं, आकडे घालणारा चुकला असेल. शनिवार होता, चपलांचं दुकान लवकर बंद होणार होतं, आणि मला त्या काचेतल्या निळ्या पट्ट्यांच्या चपला हव्या होत्या.

तर मी खाली जात नव्हते. नोकरीत डाग लागण्याची भीती होतीच. पण खरं सांगायचं तर दुसरं कारण मोठं होतं. काम झालं असतं, की त्याचं मंगळवारी येणं संपलं असतं.

असे सहा आठवडे गेले.

सातव्या मंगळवारी तो आला तो चहाला नको म्हणाला. खिडकीशीच उभा राहिला.

"काल बाबांनी पाणी ओतलं… पेल्याच्या बाजूला. टेबलावर. आणि पेला उचलून प्यायले, रिकामाच. मी समोर बसलो होतो."

तो गेल्यावर मी किल्ली घेतली आणि तळघरात उतरले. रजिस्टर वर आणलं. दोनशे तेराच्या मागे पान जाड लागत होतं. ताईंनी न विचारता किटलीत पाणी उकळलं. वाफेवर धरून, पट्टीच्या कडेने आम्ही ते पान सोडवलं. आत दोनशे चौदा आणि दोनशे पंधरा, एकमेकांना चिकटलेली. शाई जराही फिकी नव्हती. पुलाची तारीख, जखम, दोन्ही पदकं. सगळं जागच्या जागी.

साहेब वाईट माणूस नव्हते. माझा कबुलीजबाब वाचून त्यांनी दार लावून घेतलं.

"अहो, बढतीच्या यादीत तुम्ही पहिल्या आहात. हे लिहिलंत तर ती गेली. नुसता 'पाने चिकटलेली आढळली' असा अहवाल द्या, जाऊ दे मंडळाकडे."

"मंडळाला वर्ष लागेल, साहेब."

"लागेल. तुम्हाला काय त्याचं?"

मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी बराच वेळ पेन फिरवलं, मग सही केली.

पुढच्या मंगळवारी त्याला मी व्हरांड्यातल्या बाकावर सांगितलं. अक्षर माझं आहे. पान माझ्याकडून सुटलं. आकडे दिसले होते. आठ दिवसांत कागद मिळेल.

त्याचा चेहरा उजळला. "अहो, मग झालं की! चूक काय, कोणाकडूनही होते. मी रोज करतो. मागच्या महिन्यात दोन बस एकाच फलाटावर—"

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

तो थांबला. "काय?"

"अक्षर माझं आहे ते. तेव्हाच खाली जाऊन पाहिलं असतं तर… मी गेले नाही."

"सहा आठवडे?"

"हो."

"का?"

मला सांगता आलं असतं. पण त्या क्षणी ते कारण फार हलकं वाटलं, त्याच्या वडिलांच्या रिकाम्या पेल्यापुढे. त्याने छत्री उचलली आणि तो जिना उतरून गेला. मी रडले वगैरे नाही. टेबलावर जाऊन चार कार्डं पुरी केली, चारही बिनचूक.

आठव्या दिवशी कागद तयार झाला. अकरा पाच झाले, साडेअकरा झाले. ताई घड्याळाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होत्या. पावणेबाराला जिन्यावर काठीचा आवाज आला. तो वडिलांना एकेक पायरी चढवत आणत होता.

वडील खिडकीशी बसले. खिशातून भिंग काढलं. कागद नाकाशी धरून ते पहिल्या ओळीपासून वाचू लागले, मोठ्याने, शाळेतल्या मुलासारखे. पदकांच्या दोन ओळी त्यांनी दोनदा वाचल्या. मग खालची टीप वाचली, नक्कल करताना पाने सुटल्याची कबुली, आणि माझी सही.

"ही तूच का?"

"हो."

"त्या पुलावर मी एक बोल्ट उलटा बसवला होता. दोन तास कोणाला बोललो नाही."

"मग?"

"मग बोललो." त्यांनी कागद चार घड्या करून आतल्या खिशात ठेवला. "चला, सभागृहात जायचंय. तूही चल. कुणी शंका काढली तर कार्यालयाचं माणूस बरोबर असलेलं बरं."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पण सभागृहाच्या दाराशी त्यांनी आम्हा दोघांनाही थांबवलं आणि काठी टेकत एकटेच आत गेले. थोड्या वेळाने आतून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, मग कुणीतरी मोठ्याने हसलं, आणि ते हसणं वाईट नव्हतं.

आम्ही पायऱ्यांवर बसलो. मध्ये दोन माणसांची जागा.

"मी अजून रागावलेलो आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"त्या दिवशी 'का' म्हणून विचारलं, तर बोलला नाहीत."

"कागद मिळाला असता, की तुम्ही यायचे थांबला असता." मी पायरीकडे बघत म्हटलं. "एवढंच कारण होतं. दुसरं नाही."

रस्त्यावरून एक बस गेली. त्याने सवयीने मनगटावर पाहिलं, मग हात खाली घेतला.

"हे तर जास्तच वाईट झालं," तो म्हणाला.

"का?"

"आता धड रागावताही येत नाही… आणि राग जातही नाही."

"किती दिवस राहील?"

"काय सांगावं. रोज भेटलं तर लवकर उतरेल कदाचित."

"मग भेटा रोज."

"रागासाठी?"

"रागासाठी."

तो सरकून शेजारी बसला. या वेळी वीतभर नाही, पूर्ण.

थंडी संपता संपता त्याच्या वडिलांची नजर गेली. तोवर भिंतीवरचं आपलं नाव त्यांनी कितीदा तरी वाचून घेतलं होतं. माझी बढती पाच वर्षांनी आली. लग्न त्याच्या आधी.

राग नेमका कधी गेला, ते मात्र त्याने कधीच सांगितलं नाही. मी एक्केचाळीस वर्षं विचारत होते. शेवटचं विचारलं तेव्हा तो इस्पितळाच्या खाटेवर होता, आवाज जेमतेम निघत होता. मी कान जवळ नेला.

"थोडा शिल्लक आहे," तो म्हणाला, "उद्या ये."