वरून घर, समोरून घर

"ही खिडकी उघडतच नाही!" भोंपू ओरडला.

"जरा जोर लाव की!"

"लावतोय रे! पण बोटं कुठे घालू? फटच नाही!"

ठिणगीने सायकल भिंतीला टेकवली आणि पुढे होऊन खिडकीवरून हात फिरवला. गज गुळगुळीत. काचा गुळगुळीत. आतला फुलाफुलांचा पडदासुद्धा गुळगुळीत!

"अरे बावळटा, ही खिडकी नाहीच आहे! भिंतीवर रंगवलीय!"

तिघं भावंडं सुट्टीत आत्याकडे आली होती. थोरला चष्मिश. मधली ठिणगी, कारण ती लगेच पेटायची. धाकटा भोंपू, त्याचा आवाज तीन गल्ल्या ओलांडून जायचा. ठिणगीच्या सायकलचं चाक बसलं होतं, म्हणून ती सायकलवाल्या काकांचं घर शोधत मागच्या गल्लीत आली होती. गल्ली कशी नवीकोरी होती! पिवळ्या भिंती, निळी दारं, वर चकचकीत पत्रे. पण दारावर थापा मारून हात दुखले तरी कोणी उघडेना.

"इकडून या गं! बाजूने!" एका बाईचा आवाज आला.

दोन घरांच्या मधल्या फटीतून तिघं मागे गेली आणि जागच्या जागी थांबली.

मागे घरच नव्हतं! चार लोखंडी नळ्या उभ्या होत्या, त्यांवर ते चकचकीत पत्रे, आणि पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड. खाली गेल्या वर्षीच्या वादळात पडलेल्या भिंतींचे गुडघ्याएवढे अवशेष, त्यांवर ताडपत्री. खाटेवर काकांची आई झोपली होती. खाटेच्या डोक्याशी एक छत्री बांधलेली होती. काका एका हाताने चाक सोडवत होते. दुसरा हात गळ्यात.

"हाताला काय झालं, काका?"

"वारा सुटला नि पत्रा घसरला. थोडक्यात वाचलो."

"पण पुढची ती भिंत?"

"ती ठेकेदाराची," मघाशी हाक मारणारी काकू म्हणाली. "आले, पुढे एक भिंत उभी केली, रंग फासला, वर पत्रे टाकले नि गेले. म्हणे काम झालं! सगळ्या गल्लीला असंच केलंय. आता वरून पाहिलं तर घर आहे, समोरून पाहिलं तर घर आहे. फक्त राहायला गेलं की घर नाही!"

ठिणगीचे कान लालबुंद झाले.

आत्या पुनर्बांधणी कार्यालयात कामाला होती. तिघं धापा टाकत तिच्या टेबलापाशी पोहोचली. तिच्या संगणकाच्या पडद्यावर उपग्रहाने काढलेले तीन फोटो शेजारी शेजारी होते: वादळाआधीचा, वादळानंतरचा आणि आत्ताचा. जिथे छप्पर पुन्हा आलं होतं त्या घरावर आत्याने हिरवी खूण केली होती. मागची गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवीगार!

"आत्या, हे खोटं आहे!"

"अगं, उपग्रह कशाला खोटं बोलेल?"

"आकाशातून टोपी दिसली," चष्मिश म्हणाला, "की खाली डोकं आहे असं धरायचं का, आत्या?"

आत्याचा हात थांबला. चष्मिशने मोबाइलवर काढलेले फोटो दाखवले. तिने एकेक फोटो मोठा करून पाहिला.

"परवा कॅमेऱ्याची गाडी येणार आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "ती रस्त्यारस्त्याने जाऊन समोरून फोटो काढते. वरचं आणि समोरचं जुळलं की साहेब काम पूर्ण झाल्याची सही करतात. मग त्या गल्लीला पुढे काहीही मिळत नाही."

"जुळणारच की! समोर रंगवूनच ठेवलंय!"

आत्या त्यांना साहेबांकडे घेऊन गेली. साहेबांनी मोबाइलकडे एक नजर टाकली. फक्त एक.

"फोटो काय, कुठलेही काढता येतात. आमच्या गाडीने काढलेलेच धरले जातात. सुट्टी आहे ना, मुलांनो? मग खेळा!"

बाहेर आल्यावर ठिणगीने फाटकाला सणसणीत लाथ मारली. अंगठा ठेचकाळला, पण राग तसूभरही कमी झाला नाही.

"खेळा म्हणे! ती आजी छत्रीखाली झोपते आणि आम्ही खेळा! पुढच्या वादळात ते पत्रे कोणाच्या मानेवर पडणार? साहेबांच्या?"

"ओरडून काय होणार?" चष्मिश म्हणाला.

"मग गप्प बसून काय होणार?"

चष्मिश तडक मागे फिरला. तो पुन्हा आत्याच्या टेबलापाशी गेला आणि वादळाआधीच्या फोटोला नाक लावून बसला.

"आत्या, घरांच्या मागे ही पांढरी रेघ कसली?"

"बोळ आहे तो."

"मग नकाशात का नाही?"

आत्याने नकाशा पाहिला, फोटो पाहिला, पुन्हा नकाशा पाहिला. "वादळात बुजला म्हणून पुसला होता. पुढे ढिगारा उचलला गेला, पण बोळ परत काढायचं कोणालाच सुचलं नाही." तिने ओठ घट्ट मिटले आणि तिथल्या तिथे रेघ ओढली. "गाडीला नकाशातल्या प्रत्येक रस्त्याने जावंच लागतं. बघू या आता!"

ठरल्या दिवशी पांढरी गाडी आली. टपावर उंच खांब, खांबावर चहूबाजूंना डोळे असलेला गोल कॅमेरा. गाडी एक ताई चालवत होती. शेजारी ठेकेदार, काळा चष्मा लावून, अत्तराचा भपकारा सोडत.

समोरच्या बाजूचे फोटो झाले. गाडी बोळाकडे वळली, आणि बोळाच्या तोंडाशी खडीचा हा एवढा ढीग!

"अरेरे! खडी पडलीय वाटतं," ठेकेदार म्हणाला. "जाऊ द्या ताई, पुढे घ्या."

"पडलीय?" ठिणगी उसळली. "नकाशात बोळ आला म्हणून तुम्हीच टाकलीत! काल इथे खडाही नव्हता!"

"ए पोरी, लहान तोंडी मोठा घास नको!"

"आणि तुम्ही आख्खी गल्ली गिळलीत, ते चालतं?"

काकू खराटा घेऊन बाहेर आली. शेजारपाजारची माणसं जमली. चष्मिशने ताईला विचारलं, "गाडी जात नाही तिथे तुम्ही काय करता?"

"कॅमेरा उतरवून पाठीवर घेते. पण पाठीची चौकट आज आणलेली नाही. आता काही इलाज नाही बघ."

हे ऐकून ठेकेदार गालातल्या गालात हसला. भोंपूने ते हसू पाहिलं आणि शक्य तेवढा भोळा चेहरा केला.

"काका, चौकातल्या मोठ्या फलकावर तुमचाच फोटो आहे ना हो?"

"मग! माझाच!"

"गाडी तिथूनच जाणार. तुम्ही फलकाखाली उभे राहिलात तर एकाच फोटोत दोन-दोन दिसाल!"

ठेकेदाराचा हात आपोआप केसांवर गेला. त्याने खडीच्या ढिगाकडे पाहिलं. ढीग भक्कम होता. त्याने खिशातून कंगवा काढला. "ताई, तुम्ही या मागून सावकाश. मी चौकात थांबतो." आणि तो निघालासुद्धा!

तो वळणाआड गेला मात्र, सायकलवाले काका पुढे झाले. "ताई, माझी सामानाची तीनचाकी आहे. तिच्यावर खांब बसवून देऊ?"

ताईने एकदा खडीकडे पाहिलं, एकदा काकूच्या चेहऱ्याकडे. "पाना आहे का?"

मग काय! घमेली आली, फावडी आली, ज्यांना ती मिळाली नाहीत त्यांनी हातांनी खडी ओढली. तीनचाकीपुरती वाट झाली. काकांनी एका हाताने दांडा धरला, तिघा भावंडांनी मागून रेटा दिला आणि कॅमेरा बोळात शिरला.

"सगळ्यांनी आपापल्या घरात उभं राहा!" ठिणगी ओरडली. "बाहेर नाही, घरात!"

"भोंपू, तू सांग. तुझा आवाज पोहोचेल," चष्मिश म्हणाला, आणि भोंपूने तेच असं काही ठणकावलं की कावळे उडाले.

माणसं घरात उभी राहिली. म्हणजे नळ्यांच्या मध्ये, ताडपत्रीखाली, टेबलाखाली मांडलेल्या चुलीशेजारी, उघड्यावर. कोणी हसत नव्हतं. एक आजोबा रंगवलेल्या दाराच्या मागे उभे होते. मागून ते दार म्हणजे नुसता कच्चा गिलावा होता. कॅमेरा टिपत गेला. बोळ संपल्यावर ताई म्हणाली, "समोरून जाताना मला वाटलं होतं, किती छान गल्ली आहे."

कॅमेरा पुन्हा टपावर बसवून ताईने तिघांनाही गाडीत घेतलं. चौकात ठेकेदार फलकाखाली छाती काढून उभा होता. गाडी त्याच्यासमोरून सावकाश गेली.

"फोटो चांगला आला ना, ताई?" त्याने ओरडून विचारलं.

"आला की! पण आमच्या फोटोंत माणसांचे चेहरे आपोआप पुसट होतात!"

मागच्या सीटवर तिघं पोट धरून हसली.

आत्याने बोळातले फोटो उपग्रहाच्या फोटोंशेजारी लावले आणि या वेळी साहेबांकडे न जाता ती थेट साहेबांच्या वरच्या अधिकारी बाईंकडे गेली. बाई स्वतः गल्लीत आल्या. सोबत साहेब, ठेकेदार आणि आत्या. बाई त्या निळ्या दारापाशी थांबल्या.

"हे उघडून दाखवा," त्या ठेकेदाराला म्हणाल्या.

ठेकेदाराने कडीला हात घातला. बोटं नुसती भिंतीवरून घसरली.

"बाई, वरून तर सगळं व्यवस्थित..." साहेब पुटपुटले.

"वरून बघायला उपग्रह आहे! तुम्हाला पाय दिलेत ना?"

ठेकेदाराचं काम तिथल्या तिथे काढून घेतलं गेलं, आणि त्याच्यावर तक्रारही दाखल झाली. साहेबांना बाईंनी हुकूम दिला: शेवटची भिंत उभी राहीपर्यंत रोज इथे, या ताडपत्रीखाली बसून काम करायचं. आत्याने फोटोवरच्या हिरव्या खुणा पुसून सगळी गल्ली लाल केली, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपली घरं पडलेली आहेत, हे एकदाचं कोणीतरी मान्य केलं होतं!

"शाबास, मुलांनो!" बाई म्हणाल्या. "मोठ्यांना जे दिसलं नाही ते तुम्हाला दिसलं."

"दिसलं नाही?" ठिणगी म्हणाली. "आम्ही दाखवलं होतं! तेव्हा म्हणाले, खेळा!"

आत्याने तिचा दंड दाबला. पण बाईंनी मान खाली घातली. "खरं आहे. चुकलं आमचं," त्या म्हणाल्या.

काही दिवसांनी गवंडी आले. पाया खणला गेला, विटांचा पहिला थर बसला. काकांच्या आईने खाटेवरून ठिणगीला हाक मारली आणि तिचा हात आपल्या खरबरीत हातात घेतला.

"आम्ही वर्षभर नुसते कण्हत बसलो, बाळ. तू आलीस नि आमच्यासाठी चिडलीस. फार बरं केलंस!"

तेवढ्यात गवंड्याने हात पुढे केला.

"अगं, बघत काय उभी राहिलीस? वीट दे!"

तिने वीट उचलून दिली. मग दुसरी. मग भोंपूने मागे विटांची रांग लावली आणि चष्मिश विटा पुढे करू लागला.