टिटवीने टाळलेला बोगदा

माझी आई जमिनीखाली दोनशे मीटरवर अडकली होती. तिच्या हेल्मेटमधला रेडिओ ठणठणीत होता. तरी तिचा आवाज कुणालाच ऐकू येत नव्हता. असं कसं?

ही २०६१ सालची गोष्ट. चंद्रपूरकडच्या आमच्या कोळसा खाणीत सकाळीच छत कोसळलं. आई आणि तिचे जोडीदार दौलतकाका सापडेनात. तीन तास झाले. आजोबा, म्हणजे आईचेच बाबा, पडद्यासमोर बसून होते. खाणीतला टिटवी हा रोबो त्यांनीच बनवलेला. मी त्यांच्यावरच खेकसले.

"तुमची टिटवी करते तरी काय?"

"हाका मारते गं," आजोबा थकून म्हणाले. "कोळशातून रेडिओलहरी फार जात नाहीत, बोगद्यातून जातात. टिटवीच्या अँटेनात (लहरी पाठवणारं-पकडणारं साधन) धातूचे चौसष्ट पत्रे आहेत, मध्ये बारीक स्विच. जोडणी बदलली की लहरींची दिशा बदलते. जोडण्या अगणित, म्हणून ती अनुभवातून शिकते (हेच यंत्रशिक्षण). उत्तर आलं की त्या जोडणीला गुण."

"आणि तो बंद पडलेला जुना बोगदा? तिकडे हाक मारली?"

पडद्यावरून टिटवीच बोलली, "गुण शून्य. तिकडे हाक मारत नाही."

"किती वेळा मारली होतीस?"

"चार वेळा. एप्रिलमध्ये."

"वा गं शहाणे! तेव्हा तिथे माणूसच नव्हता. उत्तर कोण देणार, कोळसा? आजोबा, छत करकरलं की आई तिकडेच पळणार! तिथे लाकडी टेकू आहेत. लाकूड मोडण्याआधी आवाज करतं, म्हणते ती."

आजोबांचा चेहरा उतरला. "वीज वाचावी म्हणून मीच सांगितलं होतं, जिथे गुण तिथेच हाक मार. अगं, शून्य म्हणजे कुणी नाही असं नव्हे. आपल्याला माहीत नाही, एवढंच."

त्यांनी टिटवीला जुन्या बोगद्याकडे वळवलं. स्विच कटकटले. नवव्या जोडणीला आईचा आवाज आला.

"कुणी ऐकतंय का? दौलतकाका तासाभरापूर्वी गेले. तोवर बोलत होते हो!"

आजोबांनी तोंड झाकून घेतलं.

संध्याकाळी आईला वर काढलं. आजोबांनी त्याच दिवशी नवा नियम लिहिला: दहा हाकांतली एक, आशा नसेल तिथे. आता सगळ्या खाणींतले रोबो तो पाळतात. पुढे कित्येक जीव वाचतील, असं लोक म्हणतात, आणि मलाही ते पटतं. पण दौलतकाकांची लेक वर्गात माझ्या शेजारी बसते. तिचे बाबा दोन तास जिवंत होते आणि टिटवी तिकडे हाकच मारत नव्हती, हे तिला कसं सांगू, तेच मला कळत नाही.