कोंडवाड्यात बसलेल्या बकऱ्या

“पाय घट्ट धर, आदेश! मी पडले तर थेट बैलाच्या भुतापुढे पडेन!”

“धरले न! तू लवकर मोज. आज किती बसल्या?”

गिरडच्या टेकडीमागे सूर्य टेकला होता. कोंडवाड्याच्या भिंतीवर पोटावर लोंबकळत समीक्षाने आत डोकावलं आणि तिच्या अंगावर काटा आला. बकऱ्या बसल्या होत्या, पण बकऱ्या बसतात तशा नव्हे! पुढचे पाय ताठ, मागचा भाग जमिनीला टेकलेला. राखणीच्या कुत्र्यांसारख्या! डोळे टक्क उघडे, तोंडात रवंथ चाललेलं. उठायला बघायच्या आणि मागचे पाय जणू कुणीतरी दाबून धरलेले.

“पाच,” ती कुजबुजली. “काल तीन होत्या.”

आतून फुर्रऽऽ असा मोठा श्वास ऐकू आला. आदेशने पाय सोडूनच दिले! समीक्षा धप्पकन खाली आली.

“बैल!” आदेशचे दात वाजत होते. “तोच हाय!”

दाराशी उभ्या रुपाने आपल्या पांढऱ्या बकरीची मान कवटाळली. चांदणी मात्र मजेत उभी होती आणि रुपाच्या ओढणीचं टोक चघळत होती.

समीक्षा वर्ध्याहून दिवाळीच्या सुट्टीत आजोळी आली होती. आदेश तिचा मामेभाऊ, आणि शेजारची रुपा त्याच्याच वर्गात, सहावीत. रुपाचे बाबा नत्थूकाका बकऱ्या पाळायचे. महिन्यापूर्वी नाल्याच्या रेतीत वाघाच्या पंजांचे ठसे दिसले, चराई बंद झाली, आणि बकऱ्या जुन्या कोंडवाड्यात आल्या. पूर्वी इथे मोकाट जनावरं कोंडत. पन्नास वर्षांपूर्वी एक काळा बैल कोंडला गेला आणि त्याला सगळेच विसरले. दार उघडलं तेव्हा तो मेलेला होता. लोक म्हणायचे, तो बैल अजून तिथेच आहे. पाठीवर खूर ठेवून तो जनावरांना बसवतो.

“उद्या संध्याकाळी चांदणीले कापणार हायेत,” रुपा खाली बघत म्हणाली. “बैलाच्या नावानं. आबाजी म्हणते, बिनखोटीची बकरी दिली का बाकीच्या उठतीन.”

आबाजी म्हणजे समीक्षाचे आणि आदेशचे आजोबा, पुंडलिकराव. त्यांचा शब्द गावात कोणी मोडत नसे.

“आणि तुझे बाबा?”

“एक मेली, पाच बसल्या. बाबा काय म्हणतीन?”

रात्री समीक्षाला झोप आली नाही. डोळे मिटले की त्या बसलेल्या बकऱ्या तिच्याकडे बघत राहायच्या.

सकाळी ती वही घेऊन सडकेच्या कडेला गेली. शाळेने दहा रानझाडं गोळा करायला सांगितली होती. मन लागत नव्हतं, तरी तिने पिवळ्या फुलाची एक फांदी तोडून नाव लिहिलं: तरोटा.

“हा तरोटा नाई!” मागून रुपा म्हणाली. ती चांदणीसाठी बोरीचा पाला तोडत होती. डोळे सुजलेले, तरी तिला हसू आलं. “शहरातली पोट्टी! ही कसोंदी होय.”

“सारखंच तर आहे! फूल पिवळं, पान तसंच, शेंगा पण!”

“सारखं कुठून? हे पाह्य.” रुपाने शेजारचं दुसरं झाड उपटलं. “तरोट्याच्या एका दांडीवर पानाच्या तीन जोड्या, अन् पान टोकाले गोल. कसोंदीच्या जोड्या चार-पाच, अन् टोक अणकुचीदार. तरोट्याची शेंग बारीक, लांब, वाकडी. कसोंदीची चपटी, काठ फिक्के. बी पाह्य. तरोट्याचं बी तिरपं कापल्यावाणी, कसोंदीचं चपटं गोल. अन् आता हे चुरगाळ.”

समीक्षाने पान चुरगाळून नाकाशी नेलं. “शी! केवढा घाण वास!”

“म्हणून तं बकऱ्या तोंड बी लावत नाई. आमची माय म्हणते, कसोंदीचं बी विषारी. आम्ही तरोट्याच्या शेंगा हातानं, पाहून पाहून तोडतो.”

समीक्षा थबकली. “रुपा, पण वाळल्यावर वास राहतो का?”

रुपाच्या हातातला पाला खाली पडला.

“कोंडवाड्यात बकऱ्या खातात काय?”

“कुटार. तरोट्याच्या मळणीचा वाळका भुसा. राकेशभाऊनं फुकट देल्लं.”

“आणि चांदणी?”

“ते लाडाची! माह्या हातचा पाला असंन तंच खाते!”

दोघी धावत सुटल्या. वाटेत आदेशला उठवलं. दिवसाढवळ्यासुद्धा कोंडवाड्यात पाय ठेवताना तिघांनी एकमेकांचे हात धरले होते. कोपऱ्यात काळोख होता आणि त्यातून ते पाच जोडी डोळे बघत होते. रुपाने ओंजळभर कुटार उजेडात आणलं. वाळका पाला, काड्या, फुटलेल्या शेंगा. ती बोटाने बाजूला करत गेली. “तरोटा. तरोटा. कसोंदी... कसोंदी... आई वं!”

फिक्कट काठाच्या चपट्या शेंगा निम्म्यापेक्षा जास्त होत्या.

“चला आबाजीकडे!” आदेश म्हणाला.

“ते म्हणतील, भूत आहे तर आहे,” समीक्षा विचार करत म्हणाली. “कोंडवाड्यात कधीच न आलेली एखादी बकरी बसली असेल तर? ज्याने कुटार दिलं, त्यालाच विचारायला हवं.”

“ते माह्यावर सोड,” आदेशने छाती फुगवली.

राकेश हा त्याचा धाकटा काका. औषधाला लागणारं तरोट्याचं बी वर्ध्याच्या व्यापाऱ्याला विकायचं त्याच्या डोक्यात आलं होतं. हाताने शेंगा तोडायला वेळ कोणाला? त्याने सडकेची कड विळ्याने सरसकट कापली, सगळं डांबरी सडकेवर पसरलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनीच मळणी करून टाकली.

“काका, तुम्ही फुकट कुटार वाटलं म्हणून सारा गाव तुमचं नाव काढून राह्यला!” आदेश म्हणाला. “कोणाकोणाले देल्लं?”

राकेश खूश! “नत्थूले देल्लं. अन् एक पोतं विमलाबाईले. अजून कोण म्हणते माह्यं नाव?”

“सांगतो न, संध्याकाळी!”

विमलाबाईंचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्यांनी दार अर्धंच उघडलं. “बकरी? बरी हाय. जा तुम्ही.”

इतक्यात मागच्या पडवीतून आवाज आला. फुर्रऽऽ!

तिघे जागीच गोठले. पडवीत जुनं लुगडं आडवं टांगलेलं होतं. रुपा पुढे झाली, तिने लुगडं बाजूला केलं. मागे काळी बकरी बसली होती. कुत्र्यासारखी!

“सांगू नका वं कोणाले,” विमलाबाई रडकुंडीला आल्या. “बैल माह्या घरात शिरला म्हणतीन.”

“आजी, ते कोंडवाड्यात गेलती कधी?” रुपाने विचारलं.

“ह्या अंगणाबाहेर नाई गेली ते!”

समीक्षाने तिथूनच जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. घाबरत, अडखळत, पण सगळं नीट सांगितलं. पलीकडून डॉक्टर मंजुषाताई एवढंच म्हणाल्या, “ते कुटार आधी थांबवा. निघालेच मी.”

पण त्यांची गाडी आली नाही. चार वाजले, पाच वाजले. कोंडवाड्यापुढे माणसं जमली, आणि नत्थूकाका मान खाली घालून चांदणीला घेऊन आले.

“थांबा!” समीक्षा दारात आडवी उभी राहिली. रुपाने दोन्ही झाडं उंच धरली आणि फरक सांगितला. आदेश एव्हाना विमलाबाईंना हात धरून घेऊन आला होता.

“सांगा न आजी!”

“माही बी बसली,” त्या म्हणाल्या. “कोंडवाड्याचं तोंड न पाहता. कुटार मात्र तेच.”

सगळ्यांच्या माना राकेशकडे वळल्या. तो नुसताच कान खाजवत राहिला.

“असंन,” पुंडलिकराव जड आवाजात म्हणाले. “पण बैल हाय. मी ऐकतो त्याले. रोज.”

“तो बकऱ्यांचा श्वास आहे, आबाजी! विमलाबाईंच्या पडवीतही मी तोच ऐकलाय!”

तेवढ्यात धूळ उडवत गाडी आली. मंजुषाताईंनी बकऱ्या तपासल्या, शेंगा पाहिल्या. “मुलांचं बरोबर आहे. या बियांच्या विषाने जनावराच्या पायांचे स्नायू जातात. कुटार जाळा, बकऱ्यांना पळवू नका. वेळ लागेल. बऱ्याच उठतील, एखादी नाहीही उठणार. आणि राकेशभाऊ, ते बी विकू नका! त्यातही कसोंदी मिसळलीय, माणसांच्या पोटात जाईल.”

रुपाने चांदणीच्या गळ्यातला दोर काढला. तिला कोणी अडवलं नाही.

पुंडलिकराव मात्र हलले नव्हते.

“किल्ली माह्यापाशी होती,” ते म्हणाले. “तुमच्याएवढा होतो मी. बैलाले पाणी पाजायचं काम माह्यं. मी गिरडच्या यात्रेत गेलतो, तिकडंच चार दिवस राह्यलो. सगळ्याइले वाटलं, पोट्टा पाजून राह्यला.” त्यांनी कोंडवाड्याच्या दाराकडे पाहिलं. “भूत नसंन पोट्टेहो. पण मी विसरलो होतो, ते खरं हाय.”

मग रुपा म्हणाली, “आबाजी, ह्या बकऱ्याइले पाण्यापर्यंत चालता येत नाई.”

ते तसेच उठून विहिरीवर गेले. कोणाला हात लावू दिला नाही. भरलेली बादली घेऊन ते कोंडवाड्यात शिरले, पहिल्या बकरीपुढे मांडी घालून बसले आणि तिच्या तोंडाशी बादली धरली. ती पीत राहिली. अंधार पडत आला होता.

“पोट्ट्याइनं आज मोठ्याइचे डोळे उघडले,” ते मागे न बघताच म्हणाले. “रुपा, दुसरी बकरी कोणती तहानली, ते दाखव मले.”