पाहुण्यांचे कप

किल्ली तुटली ती अशी, की अर्धी कुलपात आणि अर्धी आईच्या हातात.

"झालं!" आई मटकन खुर्चीत बसली. "आता साहेबांना काय ओंजळीत चहा देऊ?"

बाबांचे जुने साहेब तासाभरात यायचे होते आणि चांगले कप काचेच्या कपाटात बंद होते. निळ्या फुलांचे, सोनेरी काठाचे. आईच्या लग्नात आलेले सहा कप. तेव्हापासून बोटांवर मोजावं इतक्याच वेळा ते बाहेर आले असतील. घरच्यांना चहा मिळायचा तो कान तुटलेल्या मगांतून. चांगलं ते जपून ठेवायचं, पाहुण्यांसाठी, चांगल्या दिवसासाठी, हा त्या घरचा कायदा, आणि त्यावर अपील नव्हतं.

धाकटी शिलाई मशीनवरून उठली. थोरली लग्न होऊन सासरी गेली तरी घरात ही अजून धाकटीच. "समोर कोपऱ्यावर एक किल्लीवाला नवीन बसायला लागलाय. आणते त्याला," म्हणत ती धाडधाड जिना उतरली.

किल्लीवाला शीळ घालत कानस चालवत होता. तिला बघून शीळ थांबली, पण कानस चालूच राहिली, आणि हातातली कुणाचीतरी किल्ली पार घासली गेली.

"तुमच्यामुळे वाया गेली ही," तो म्हणाला.

"मी काय केलं?"

"काही नाही. आलात..."

तिचे कान तापले. "कपाट उघडायचंय, घाई आहे," एवढंच म्हणून ती वळली.

वर येऊन त्याने एक बारीक तार घातली, कुलपाला कान लावला आणि खट्ट! कपाट उघडलं. तेवढ्यात फोन वाजला. साहेबांची कंबर धरली होती. येणं रद्द.

"घ्या!" आई म्हणाली. "ठेवा सगळं जागच्या जागी."

"मावशी, आता उघडलंच आहे तर चहा यातच होऊन जाऊ दे की," किल्लीवाला म्हणाला.

"का? आज काय विशेष आहे?"

"आज मंगळवार आहे."

बाबा पेपरामागे फिस्सकन हसले आणि आईने बघताच बातमी वाचायला लागले. किल्लीवाल्याला चहा मिळाला, पण कान तुटलेल्या मगातून. त्याने तो भुरके मारत संपवला, वर म्हणाला, "चहा मात्र पाहुण्यांचाच होता हं, मावशी!" आई हसू दाबायला स्वयंपाकघरात गेली.

नवी किल्ली त्याने संध्याकाळी आणून दिली. ती चार दिवसांत अडकायला लागली.

तो पुन्हा आला, कानस मारून गेला. किल्ली पुन्हा अडकली. तो पुन्हा आला. "एवढी नाटकी किल्ली मी जन्मात पाहिली नाही," आई कुरकुरायची. धाकटी मात्र कुरकुरत नव्हती. किल्ली अडकली की बोलवायला जायचा मान तिचाच, आणि जाताना आरशासमोर घटकाभर जास्त थांबायची ती.

"या टाचणीबाई," तो म्हणायचा. तिच्या कॉलरला कायम टाचण्या खोचलेल्या असत, म्हणून हे नाव.

"टोचतील," ती म्हणायची.

"टोचू देत की."

एकदा असाच कपाटापाशी बसला असताना खालच्या कप्प्यात त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत काहीतरी पिवळं दिसलं.

"हे काय?"

"माझा ड्रेस. रेशमी आहे. मीच शिवलाय."

"घातलात कधी?"

"अजून नाही. तसा दिवस आला की घालेन."

"त्या दिवसाला घरचा पत्ता दिलाय का तुम्ही? नाहीतर यायचा कसा बिचारा!"

ती हसली, पण मग जरा रागावून म्हणाली, "थट्टा सोपी असते. चांगलं रोज वापरलं तर त्याचं अप्रूप राहत नाही. तुमचं काय? तुम्ही नाही काही राखून ठेवत?"

त्याने किल्ली उजेडात धरली. "मला नाही जमत. सुख माझ्याकडे टिकतच नाही हो, रोजचं रोज लागतं. सकाळचं पहिलं कुलूप उघडतं ना, खट्ट... तेवढ्यावर माझं दुपारपर्यंत निभतं."

"आणि दुपारनंतर?"

"दुपारनंतर तुमची खिडकी उघडते."

मशीनवर त्या दिवशी तिने एका गिऱ्हाइकाची डावी बाही उजव्या बाजूला लावली आणि पुन्हा उसवताना चक्क गुणगुणत बसली. आणि दुसऱ्या दिवसापासून ती खिडकी सकाळीच उघडायला लागली. तिचं तिलाच नवल वाटत होतं. गुंड्यांच्या बरणीवर ऊन पडलं की किती रंग उठतात, कोऱ्या कापडाचा वास किती छान असतो, हे सगळं आधीपासून होतंच की! मग दिसत कसं नव्हतं?

आणि मग एका दुपारी, आई बाहेर गेलेली असताना, तो न बोलावता आला. हसतच आला, पण आज त्याच्या हसण्याला काहीतरी झालं होतं.

"मामाने बोलावलंय. बंदराच्या गावाला मोठं दुकान आहे त्याचं, तिजोऱ्यांचं काम शिकवणार आहे. रविवारी जातोय." तो थांबला. "पण जायच्या आधी... टाचणीबाई, मला तुम्ही आवडता. फार. आता तुमचं काय ते सांगा."

'मलाही.' एवढंच तर म्हणायचं होतं! शब्द ओठांपर्यंत आला. पण जन्मभराची सवय ती, अशी जायची थोडीच. एवढी मोठी गोष्ट अशी भर दुपारी, अंगावर दोऱ्यांचे तुकडे असताना बोलायची? ती म्हणाली, "बघू... वेळ आली की..."

त्याने मान हलवली. खिशातून एक किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"ही घ्या. ही नीट चालेल. पहिली मी मुद्दाम एका बाजूने जाड ठेवली होती. माझ्या हातची किल्ली अडकत नाही कधी, पण ती अडकली नसती तर तुम्ही मला परत कशाला बोलावलं असतं? धंद्यात याला पाप म्हणतात. मावशींना सांगा, माफ करा म्हणून."

आणि तो गेला. तिने टेबलावरची किल्ली उचलून कपाटाला लावली.

नवी किल्ली अलगद फिरली. जराही कुरकुर नाही. तिला रडूच आलं. या किल्लीसाठी आता कुणाला बोलवायची गरज उरली नव्हती. तिने पिवळा ड्रेस बाहेर काढला, पिशवी सोडली, झटकला. घडी उलगडली आणि ती बघतच राहिली. जिथे जिथे घडी होती, तिथे तिथे रेशीम विरलं होतं. कमरेपाशी तर आरपार बोट गेलं.

"रेशमाची घडी मोडत जा हं, नाहीतर ठेवल्या जागी विरतं," हे ती येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायची. आणि स्वतःचा ड्रेस? एकदाही अंगाला न लागता फाटला होता.

आई केव्हा येऊन मागे उभी राहिली, कळलंच नाही.

"आई, तो चाललाय. आणि मी त्याला... बघू म्हटलं गं!"

आईने ड्रेसवरून हात फिरवला, बोट त्या भोकापाशी थांबलं. मग म्हणाली, "माझंच चुकलं. ठेवायला शिकवलं तुला, काढायला शिकवायचं राहूनच गेलं." आणि पदराने डोळे टिपून तिने नेहमीचा आवाज काढला, "रडतेस काय? शिलाई येते ना तुला? मग बस मशीनवर!"

धाकटीने विरलेला भाग कापून काढला आणि तिथे निळ्या कापडाचा पट्टा बसवला. खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा ड्रेस आता जास्त उठून दिसत होता. गुरुवारी सकाळी तो अंगात घालून ती बाहेर आली, तर आई निळ्या फुलांच्या कपात चहा ओतत होती.

"अशी बघू नकोस. ने आधी, गार होईल."

बाहेर भुरभुर पाऊस. एका हाताने कप झाकत, बशी सावरत, ती रस्ता ओलांडून गेली. किल्लीवाला पावसामुळे सामान आवरत होता. त्याने वर बघितलं आणि त्याच्या हातातला जुडगा खळ्ळकन खाली पडला.

"आज... आज काय आहे?"

"आज गुरुवार आहे," ती म्हणाली. "आणि 'वेळ आली की' म्हणाले होते ना, ते मी परत घेते. मला तुम्ही आवडता. जाऊ नका असं नाही म्हणणार, काम शिका. मी वाट बघेन. कितीही लांब असलात तरी."

"लांब?" तो गोंधळला. "अहो, बसने दोन तास लागतात."

"दोन तास? मला वाटलं, कुठे समुद्रापार!"

"तुम्ही विचारलंत कुठे? मी तर दर मंगळवारी येणारच होतो, तुमची खिडकी बघायला. तू नाही म्हणाली असतीस तरी."

'तू' म्हणाला. तिने ऐकलं, त्यानेही ऐकलं, आणि दोघं एकदम हसले. त्याने कप घ्यायला हात पुढे केला, बोटं बोटांना लागली... आणि कप निसटला. रस्त्यावर निळ्या फुलांचे तुकडे तुकडे.

दोघांनी एकदम वर पाहिलं. वर खिडकीत आई उभी होती.

"फुटला?" तिने विचारलं.

"हो, आई..."

"फुटू दे. अजून पाच आहेत. वर घेऊन ये त्याला."

किल्लीवाल्याने पावसात मान वर केली. "मावशी, पण ते कप पाहुण्यांचे ना?"

"होते," आई म्हणाली. "आता घरच्यांचे आहेत. ये वर!"