निगम साहेबांची घंटी

जावाजावांचं कसं असतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. थोरल्या जावेचं कौतुक मी उगाच करणार नाही. निदान एवढ्यासाठी तरी विश्वास ठेवा, की यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

१८ जानेवारी २०२४. गुरुवार. लखनऊ. दुपारचे अडीच.

हो, दुपारचेच. भुतांना रात्रच लागते हे ज्यानं सांगितलं, त्यानं लखनऊचं जानेवारीतलं धुकं पाहिलेलं नाही. त्या दिवशी छावणीतून महानगर नावाच्या वस्तीकडे येणाऱ्या गाड्या भर दुपारी दिवे लावून चालल्या होत्या.

माझी ही जाऊ विनीता. मी तिला ताई म्हणते. माझे थोरले दीर, जयसिंग भाऊजी, फौजेत सुभेदार आहेत, म्हणून ती दोघं तिथं छावणीत. आम्ही मूळचे साताऱ्याजवळच्या कोरेगावचे. ताई एम.ए. झालेली, मराठीतही आणि भाषाविज्ञानातही. महानगरजवळच्या एका संस्थेत ती मराठीचा सर्टिफिकेट कोर्स शिकवते. संस्थेचं नाव लिहीत नाही, तिथं अजून तिची नोकरी आहे.

वर्गात अकरा मुलं. सगळी छावणीतली नाहीतर शेजारच्या तेलीबागेतली, फौजी नाहीतर सरकारी नोकरीतल्या घरांची. मराठी पूर्ण समजते, पण तोंड उघडलं की हिंदी. "जेवलास का?" असं विचारलं की "हाँ, खा लिया." त्या मुलांच्या तोंडून मराठी काढायची म्हणजे दगडातून पाणी काढायचं. पण ताई चिकट बाई.

आणि तोच वर्ग जुलैपासून बंद होणार होता.

वाचवायची एकच वाट होती. संस्थेत दर जानेवारीत तीन दिवसांचं चर्चासत्र भरतं. कॉलेजात भाषा आणि भाषाविज्ञान कसं शिकवावं, असा त्याचा विषय. गावोगावचे प्राध्यापक येतात, निबंध वाचतात. निबंधाच्या शेवटी ज्यानं त्यानं आपल्या भाषेसाठी मागणी मांडायची, तीही आपल्याच भाषेत. सभागृहात मागणी पूर्ण वाचली गेली, की ती शिफारशीत जाते. वाचली गेली नाही, तर ती केलीच नव्हती असं धरतात.

ताईनं तयारीसाठी मागच्या नऊ वर्षांचे अहवाल काढून वाचले. हिंदी, इंग्रजी, उर्दू, संस्कृत... सगळ्यांच्या मागण्या पानंच्या पानं. पण सिंधी, नेपाळी, मराठी या धाकट्या भाषांसमोर नऊही वर्षं एकच ओळ होती.

'माँग: कुछ नहीं।'

नऊ वर्षांत कुणालाच काही नको होतं?

तिनं लालवानी सरांना गाठलं. ते सिंधी शिकवतात. सत्तरीचे, मऊ बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, मी तर दर वर्षी मागतो. मग हळूच म्हणाले,

"होंठ तो हिलते हैं, बेटा..."

आणि पुस्तकं उचलून वर्गावर गेले.

मोठ्या भाषांची सत्रं खाली, मोठ्या सभागृहात. धाकट्या भाषांना दर वर्षी वरचा सात नंबरचा हॉल. गुरुवारी दुपारी ताई जिना चढत होती, तेव्हा हॉल सांभाळणारे मिश्राजी कठड्याशी उभे होते. त्यांनी आधी नमस्ते केलं, चहा विचारला, थंडीची चौकशी केली. लखनवी माणूस, मुद्द्यावर यायला वेळ घेतो. शेवटी आवाज हळू करून म्हणाले,

"मैडम, जितना पढ़ना है पढ़िए। बस... माँगिएगा कुछ नहीं।"

ताईनं विचारलं, का? मग मिश्राजींनी सांगितलं.

निगम साहेब म्हणून एक होते. बावीस वर्षं विभागाचे प्रमुख, आणि या हॉलमधल्या प्रत्येक सत्राचे अध्यक्ष. समोर पितळेची टेबलावरची घंटी. माणूस अत्यंत सभ्य, तोंडात कायम वेलचीचं पान. निबंध कितीही लांबला तरी ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे. पण कुणी वर्ग मागितला, जागा मागितली, की टिंग... बसा खाली. दहा वर्षांपूर्वी त्याच खुर्चीत, घंटीवर बोट ठेवलेलं असतानाच गेले.

ताईला हसू आलं. ती म्हणाली, जिवंत साहेबांना घाबरले नाही मी, मेलेल्यांना काय घाबरू? पदर खोचला आणि आत गेली.

स्टेजवर तीन खुर्च्या होत्या. सत्राच्या अध्यक्ष सक्सेना मॅडम डावीकडे बसल्या होत्या. अहवाल लिहिणारे गृहस्थ उजवीकडे.

मधली खुर्ची रिकामी.

आणि टेबलावर घंटी नव्हती. ती निगम साहेबांच्या घरच्यांनी केव्हाच नेली होती.

समोर वीसेक माणसं. मागच्या रांगेत ताईच्या वर्गातली पाच मुलं, स्वेटर-मफलर गुंडाळून. बाकीची धुक्यामुळं पोहोचलीच नव्हती.

आधी लालवानी सरांची पाळी. निबंध छान झाला. मग त्यांनी कागद उलटला, चष्मा सारखा केला, आणि सिंधीत पहिला शब्द उच्चारला...

टिंग.

स्पष्ट. स्वच्छ. पितळेवर बोट आपटावं तशी.

ताईनं टेबलाकडं पाहिलं. तिथं पाण्याच्या दोन बाटल्या आणि फुलांचा गुच्छ. बाकी काही नाही.

लालवानी सर बोलतच होते. ओठ हलत होते, हात हलत होते, पण आवाज नव्हता. माइकमधून नव्हता, घशातूनही नव्हता. पहिल्या रांगेतली माणसं खाली मान घालून बसली होती. सगळ्यांना माहीत होतं. सगळे मूग गिळून बसले होते. दोन मिनिटांनी सरांनी कागद घडी केला, नमस्कार केला आणि ते जागेवर जाऊन बसले.

उजवीकडच्या गृहस्थांनी वहीत एक ओळ लिहिली. कोणती, ते सांगायला नको.

ताई सांगते, तेव्हा तिला भीती वाटली नाही. तिला संताप आला. सत्तर वर्षांच्या माणसाला नऊ वर्षं गप्प बसवतात, आणि सगळे खाली मान घालून बसतात.

मग तिचं नाव पुकारलं गेलं.

तिनं निबंध वाचला. घरी हिंदी बोलणाऱ्या मुलांना मराठी कशी शिकवावी, असा विषय. पंधरा मिनिटं लागली, सगळं सुरळीत. मधली खुर्ची रिकामीच. फक्त एकदा... त्या खुर्चीच्या पाठीची गादी हळूच दबली. कुणी नीट रेलून बसावं तशी.

ताईनं मागणीचा कागद वर घेतला.

"आमची पहिली मागणी..."

टिंग.

पुढचा शब्द आलाच नाही. ती सांगते, घसा दुखला नाही, दम लागला नाही. नुसतं काहीच उरलं नाही. विहिरीत बादली सोडावी आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं.

तिनं माइक सोडला, पुढं आली, छातीवर हात ठेवून ओरडायचा प्रयत्न केला.

काहीच नाही.

सक्सेना मॅडम पुटपुटल्या, बैठ जाइए विनीता जी, सब बैठ जाते हैं. त्यांचा आवाज मात्र नीट येत होता. त्यांना काही मागायचं नव्हतं ना.

ताई बसली नाही.

ती वळली आणि मागच्या फळ्यापाशी गेली. वीस वर्षं शिकवलेली बाई, खडू हातात आला की तिला कुणाच्या बापाची भीती नाही. तिनं लिहायला सुरुवात केली. 'मराठीचा वर्ग बंद करू नये.'

खडूचाही आवाज येत नव्हता. फळ्यावर खडू घासतोय, भुकटी पडतेय, अक्षरं उमटतायत... आणि कानात काही नाही.

टिंग. टिंग.

ती लिहीत राहिली. 'वर्गाला स्वतःची खोली द्यावी.'

टिंग. टिंग. टिंग.

'शिकवणाऱ्याला पूर्णवेळ जागा द्यावी.'

तेव्हा सक्सेना मॅडम उभ्या राहिल्या. चेहरा पांढरा पडला होता, पण नियम तो नियम.

"लिखा हुआ नहीं माना जाएगा। पढ़ना पड़ेगा।"

ताई फळ्याला पाठ लावून उभी राहिली. तिनं मागच्या रांगेकडं पाहिलं. बोलता येत नव्हतं, म्हणून वर्गात करते तेच केलं. छडी नव्हती, तर बोटच पहिल्या ओळीखाली ठेवलं.

नियमात 'सभागृहात वाचली गेली पाहिजे' एवढंच होतं. कुणी वाचावी, ते कुठंच लिहिलं नव्हतं.

घंटी एकसारखी वाजतेय. आणि मागून आर्या उठली. तेलीबागेतल्या एका हवालदाराची मुलगी. दीड वर्षात ताईशी एक वाक्य मराठीत बोललेली नव्हती.

"म...मराठीचा... वर्ग... बंद करू नये."

आवाज आला!

का आला, ते आजपर्यंत कुणाला सांगता आलेलं नाही. मला वाटतं, त्या मुलांची नावं कार्यक्रमपत्रिकेत नव्हती. निगम साहेबांना ती दिसलीच नसतील. मुलांना कोण मोजतं?

ताईनं बोट दुसऱ्या ओळीखाली नेलं. आता पाचही मुलं उभी होती. अडखळत, एकमेकांच्या आधारानं, पण वाचत होती. घंटीचा वेग वाढला, तशी मुलांनी पट्टी वाढवली. पोरं घाबरली होती. एकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण थांबलं कुणीच नाही. तिसऱ्या ओळीला लालवानी सर उठले आणि तेही वाचू लागले. मराठी उच्चार सगळे चुकीचे, आवाज मात्र खणखणीत. मागणी त्यांची स्वतःची नव्हती, म्हणून असेल.

शेवटचा शब्द झाला.

घंटी थांबली.

मग मधली खुर्ची... मागं सरकली. पाय फरशीवर घासत, हळूहळू, वयस्क माणूस उठावा तशी. लाकडी स्टेजवर चार पावलं वाजली. पाचवं ताईच्या अगदी जवळ वाजलं. तिथं पावलं थांबली.

ताई हलली नाही. समोर कुणी नव्हतं, तरी तिथं नजर रोखून उभी राहिली. तिच्या गालाला गार वारा लागला आणि पानाचा वास आला, वेलचीचा.

मग पावलं दाराकडं गेली. दार उघडलं, धुकं आत आलं, दार लागलं.

उजवीकडच्या गृहस्थांनी तीनही मागण्या लिहून घेतल्या. सक्सेना मॅडमनी खाली सही केली. त्यानंतर लालवानी सरांनी आपला घडी केलेला कागद पुन्हा उघडला, आणि नऊ वर्षांची मागणी एका दमात वाचून टाकली.

वर्ग वाचला. तिसरी मागणी फेटाळली गेली, ताई अजून तासिकांच्या मानधनावरच आहे. दुसरी मंजूर झाली. जुलैत वर्गाला स्वतःची खोली मिळाली.

कोणती, ते ओळखलं असेल. सात नंबरचा हॉल. दुसरं कुणी तो घ्यायला तयार नव्हतं.

भाऊजी म्हणाले, नको जाऊस. ताई म्हणाली, मागून घेतलेली खोली आहे, परत कशी करू? आता वर्गात एकोणीस मुलं आहेत, आणि मधली खुर्ची तशीच आहे. तिच्यावर कुणी दप्तरही ठेवत नाही.

इथपर्यंतचं सगळं ताईचं. पुढचं माझं आहे, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ऑगस्टमध्ये मी लखनऊला गेले होते. ताईनं मला वर्गात नेलं, म्हणाली, मुलांशी साताऱ्याकडची मराठी बोल जरा. मी बोलले. मुलं हसली, मला मजा वाटली. जाताना ताई थट्टेनं म्हणाली, "तुलाही काही मागायचं असलं तर इथंच माग. सवय होईल."

मला मागायचं होतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना माझं लग्न झालं. सतरा वर्षं झाली. ते पुरं करायचंय, हे मी घरात कधीच, कुणाजवळच बोलले नव्हते. सगळ्यांच्या समोर बोलूनच टाकावं असं वाटलं. मी तोंड उघडलं.

टिंग.

मी खाली बसले.

बाहेर आल्यावर मी ताईला म्हटलं, वाजली ना गं घंटी? ती म्हणाली, कुठली घंटी? मुलांनाही विचारलं. आर्यानं मान हलवली, आणि चक्क मराठीत सांगितलं.

"नाही मावशी. आज घंटी वाजलीच नाही. तुम्ही आपण होऊन बसलात."

मग मी ऐकलं ते काय होतं? आणि मी बसले का? मला अजून कळलेलं नाही. रात्री त्याचाच विचार येतो, निगम साहेबांचा येत नाही.

बोलता येत नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

मला बी.ए. पुरं करायचं आहे.

हे वाक्य टाइप करेपर्यंत दोनदा वाजली. आमच्या घरात घंटी म्हणून देवघरातली एक. ती माझ्या समोर आहे, हललेली नाही.

मी वाक्य पुसलेलं नाही.