उशाची फळी

ओल्या रंगावर विश्वास ठेवू नये, हे पॉलिशवाल्या मिस्त्रीला कुणी शिकवलं नव्हतं. ठेच लागूनच कळलं होतं. ओला असताना जुळलेला रंग वाळला की परक्या घरचा वाटतो. म्हणून व्हिनिअरला, म्हणजे लाकडाच्या त्या कागदासारख्या पापुद्र्याला, रंग दिला की तो एक रात्र तसाच ठेवायचा आणि सकाळच्या उजेडात जुन्या लाकडाशी ताडून बघायचा, ही त्याची रीत. गिऱ्हाइकाने घाई केली की तो म्हणे, "माणसं रुळायला वर्ष लागतं, लाकडाला एक दिवस तर द्या."

घड्याळजींकडे त्याला त्यांच्या लेकीने बोलावलं. म्हातारे डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी चार दिवस दवाखान्यात होते, तेवढ्यात तिने पलंगाची दुरुस्ती उरकली होती. उशाच्या फळीवरचा आईच्या बाजूचा पापुद्रा फुगून सुटला होता. सुताराने तो खरवडून फेकला आणि नवा, कोरा चिकटवला. आईला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

"बाबांना बरं वाटावं म्हणून केलं हो काका," लेक दारातच म्हणाली. "ते आले, फळीकडे बघितलं आणि म्हणाले, हा पलंग आपला नाही. आज अठरावा दिवस, खुर्चीतच झोपतात. पाय बघा कसे सुजलेत. डॉक्टर म्हणतात, आडवं करा. पण ऐकतील तर शपथ! तुम्ही रंग असा जुळवा की त्यांना कळताच कामा नये."

मिस्त्रीने फळी पाहिली. डावी अर्धी जुनी, मधासारखी पिकलेली. तिच्यावर टाळूच्या उंचीला एक काळपट लंबगोल होता. चाळीस वर्षं घड्याळजी डोकं टेकून बसले, त्याची ती खूण. उजवी अर्धी नवी, पांढुरकी, गुळगुळीत. तिथे काहीच नव्हतं. पोरीने काय फेकून दिलं, ते त्याला कळलं. तिला अजून कळलं नव्हतं.

"तिचा डाग याच्यापेक्षा दोन बोटं खाली होता," खुर्चीतून घड्याळजी म्हणाले. "आणि जरासा माझ्याकडे. कलती बसायची."

लेकीचा चेहरा खर्रकन उतरला. ती आत निघून गेली.

"घालून देतो," मिस्त्री म्हणाला. "जन्मभर लोकांनी डाग काढायला बोलावलं. घालायला तुम्ही पहिलेच."

घड्याळजी हसले नाहीत. "बघा जमतंय का," एवढंच म्हणाले.

पहिल्या दिवशी त्याने उरलेल्या पट्ट्यांवर पाच रंग करून पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यातला चौथा सगळ्या उजव्या बाजूवर सारखा ओढला. डाग तिसऱ्या दिवशी घालायचा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने पडदा सारला. रंग उत्तम बसला होता. फक्त एका जागी धरलाच नव्हता. तळहाताएवढा लंबगोल, कडेला रंग मागे सरकलेला. तेलकट लाकडावर होतं तसं.

"रात्री इथे कुणी टेकलं होतं का, ताई?"

"कोण टेकणार? बाबा खुर्चीत, मी बाहेरच्या खोलीत."

त्याने स्पिरिटचा बोळा फिरवला. बोळा तपकिरी झाला. कोऱ्या पापुद्र्याला कसलं आलंय तेल? त्याने दुसरा बोळा घेतला, मग तिसरा. अकराव्या बोळ्यालाही तपकिरी लागलं, तेव्हा त्याने हात थांबवला, पुन्हा रंग ओढला आणि घरी गेला.

चौथ्या दिवशी ती जागा त्याच्या रंगाहून काळी झाली होती. त्याने बोटं लावून मोजलं. डावीकडच्या डागापेक्षा दोन बोटं खाली. जरासा कललेला.

घड्याळजी खुर्चीतून उठले. भिंतीला धरत आले. त्या डागावर बोटं टेकवली.

"मिस्त्री," ते म्हणाले, "तुमच्या हाताला सोन्याचं कडं घालायला हवं."

'मी नाही केलं,' हे शब्द मिस्त्रीच्या ओठांपर्यंत आले होते. पण दारात लेक उभी होती, तोंडाला पदर लावून रडत. त्या दुपारी घड्याळजी पलंगावर झोपले.

महिन्याने तो शेवटचा पॉलिशचा हात द्यायला गेला.

"काका, देवासारखे आलात तुम्ही," लेक म्हणाली. "बाबा आता दिवसदिवस झोपतात. जेवायलासुद्धा हलवून उठवावं लागतं. आता हेच जरा जास्त होतंय." ती हसली, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "काल बेडशीट बदलताना उचललं त्यांना. एका हाताने उचलले गेले हो."

घड्याळजी पलंगावर बसले होते. पायांची सूज पार उतरली होती. मिस्त्रीने फळी पाहिली.

उजवा डाग गर्द झाला होता, जुन्यासारखा मुरलेला.

डावा दिसत नव्हता.

त्याने खिडकीकडे पाहिलं. ऊन त्या बाजूला येत नव्हतं. डावीकडे स्पिरिटचा बोळा फिरवला. बोळा पांढराच राहिला. चाळीस वर्षांच्या लाकडातून काही म्हणता काही निघेना.

"घड्याळजी, तुमच्या बाजूचं..."

"हो. बघितलंय मी."

"पोरीला सांगू का?"

"तिला कशाला? आत्ता कुठे तिच्या जिवाला स्वस्थता मिळालीये."

मिस्त्रीला स्वतःची बायको आठवली. ती गेल्यावर पंधरा दिवसांत त्याने पलंग काढून टाकला होता. घरात तिचा एक ओरखडासुद्धा शिल्लक नव्हता. हा म्हातारा मात्र डोळ्यांदेखत झिजत होता, आणि तो डाग आपल्या हातून झाला असं सगळे समजत होते. आपण घातला नसला, तरी काढता तर येईल.

त्याने पिशवीतून पॉलिश पेपर काढला. गर्द डागावर ठेवला. एकदाच, हलकेच ओढला.

"हळू, मिस्त्री," घड्याळजी कुजबुजले. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

त्याचा हात तिथेच राहिला.

घड्याळजी विनवल्यासारखे बघत होते. त्या नजरेत वेड नव्हतं. खुर्चीत काढलेले ते सगळे दिवस होते.

मिस्त्रीने पेपर दुमडला आणि खिशात घातला.

लेक आत आली. "झालं का काका? बाबा, पडा आता थोडं." तिने त्यांच्या खांद्याला आधार दिला, डोकं उशीवर ठेवलं, पांघरूण ओढलं आणि पाण्याचा पेला आणायला वळली.

मिस्त्री उभाच होता.

घड्याळजींनी डोळे मिटले. श्वास संथ झाला. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांचं समाधान होतं.

त्यांच्या डोक्याखालची उशी जराही दबली नव्हती.