फुंकरीची चोरी

पुलाच्या पायऱ्या ती एका दमात चढली, गाणं गुणगुणत... आणि वर पोचते तो समोर नेमका भट्टीवाला! दोघं एकाच बेकरीतले. ती पीठ मळायची, तो पाव भाजायचा. आज तिची सुट्टी, आणि तो नुकताच कामावरून सुटलेला. भुवयांवरसुद्धा पिठाची साय.

तिचं गाणं ओठांतच विरलं. बेकरीत सगळे तिला चिमणी म्हणत, आणि दोन गोण्या रिकाम्या होईतो ही चिमणी धापा टाकू लागे, छातीत शीळ वाजे. डॉक्टरीणबाईंना संशय पिठाचाच. म्हणून त्यांनी श्वासाचा जोर काट्यावर दाखवणारी एक फुंकनळी दिली होती : कामावर फुंकायचं, सुट्टीतही फुंकायचं. सुट्टीत काटा वर चढला तर दोष पिठाचा, आणि मग पिठाशी कायमची फारकत. पण काटा काही केल्या चढत नव्हता.

"फुंक बघू," तो म्हणाला.

तिने पिशवीतून नळी काढली, डोळे मिटले, हळूच फुंकलं.

"याने चहासुद्धा निवायचा नाही. आणि आत्ता पायऱ्या कोण चढलं — तुझी जुळी बहीण?"

ती हसली, मग तोंड लपवत म्हणाली की खरं फुंकलं तर बेकरी सुटेल. दुसरं काम मिळेल की, त्याने समजावलं.

"काम मिळेल रे... पण तिथे भट्टीवाला नसेल."

वारा त्याच्याकडून तिच्याकडे वाहत होता. तो वळसा घालून पलीकडे गेला, हातभर लांब उभा राहिला. झालं, बोलून घालवलं, तिला वाटलं.

"लांब का गेलास?"

"अंगावर पोतंभर पीठ आहे माझ्या, वेडाबाई. वाऱ्याने तुझ्याकडे येत होतं." मग त्याने आपल्या मामाचं सांगितलं; तोही बेकरीत पीठच मळायचा. मामाने पीठ सोडायला उशीर केला, आणि दमा कायमचा मुक्कामाला राहिला. "पीठ सोड. मला सोडायला कुणी सांगितलंय?"

तिने पुन्हा नळी तोंडाला लावली. या वेळी छाती भरून फुंकलं. काटा सरसर चढला. ती काट्याकडे बघत होती, तो तिच्याकडे.

"उद्या आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून घरी येतो," तो म्हणाला. "आईला काय सांगशील?"

"सांगेन... पीठ बंद केलंय. भट्टीवाला चालू ठेवायचाय," ती म्हणाली. "रोज. जेवणानंतर."